‘पुअर थिंग्ज’वर प्रेक्षक इतके दुभंगतात का? गटचर्चा घ्यायची आहे, मार्गदर्शन हवं

मध्यंतर

योर्गोस लँथिमोसचा ‘पुअर थिंग्ज’ (२०२३) एका छोट्या गटाला दाखवून त्यावर तासभर चर्चा घ्यायची आहे. वीस-बावीस माणसं असतील, सगळी प्रौढ. (धाग्यात पुढे शेवटापर्यंतचं कथानक उघड होईल. न पाहिलेल्यांनी इथेच थांबावं.)

या चित्रपटावरची मतं टोकाची आहेत. एक बाजू म्हणते, आपल्या शरीराबद्दल लाज न शिकवलेली बाई पडद्यावर अशी कधी दिसलीच नव्हती. दुसरी म्हणते, हे पुरुषांनी रचलेलं स्वप्नरंजन आहे आणि त्याला स्त्रीमुक्तीचं नाव दिलंय. ही मतं मांडताना माणसं दहा मिनिटांत एकमेकांवर येतात. ज्याला आवडला नाही तो सोवळा ठरतो आणि ज्याला आवडला त्याच्या हेतूवर शंका घेतली जाते.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. मतं नेमकी कुठल्या प्रसंगापाशी फाटतात? चर्चेला कुठले तुकडे पुन्हा दाखवावेत? आणि चर्चेची रचना कशी ठेवली तर ती माणसांवर न घसरता चित्रपटावर टिकते?

तिसरी_रांग

ही दोन गटांमधली फाट नाही. चार वेगवेगळी भांडणं एकाच वेळी चालू असतात आणि प्रत्येकाला वाटतं की समोरचा आपल्याच भांडणाबद्दल बोलतोय. ती सुटी केली की निम्मा आवाज खाली येतो.

पहिलं आणि सगळ्यात कठीण भांडण संमतीचं. नायिका बेलाचं शरीर पुलावरून उडी मारलेल्या प्रौढ स्त्रीचं आहे आणि मेंदू तिच्याच न जन्मलेल्या बाळाचा. शल्यविशारद गॉडविन बॅक्स्टरने तो बसवलाय. घर सोडताना तिचं मानसिक वय किती, हे चित्रपट आकड्यात कुठेच सांगत नाही. तिची वाढ आपल्याला कळते ती चालण्यातून आणि वाक्यांतून. आधी ताठ गुडघ्यांची लडखडती चाल आणि सुटे शब्द, मग क्रियापदं जागेवर न बसलेली वाक्यं, आणि पॅरिसला पोचेपर्यंत जवळजवळ वकिली युक्तिवाद. वकील डंकन वेडरबर्न तिला लिस्बनला पळवून नेतो तेव्हा ती या प्रवासात कुठे असते, याचं उत्तर प्रत्येक प्रेक्षक मनातल्या मनात देतो आणि पुढचा सगळा चित्रपट त्या उत्तरावर उभा राहतो. ज्याच्या मते ती तेव्हा मूल आहे, त्याला लिस्बनचा भाग बघवत नाही, आणि तसं वाटणं पूर्णपणे सयुक्तिक आहे. ज्याने ही गोष्ट रूपककथा म्हणून स्वीकारली, त्याच्यासाठी मेंदूची अदलाबदल म्हणजे ‘संस्कार न झालेली बाई’ कल्पून बघण्याची युक्ती असते. दोघं बरोबर दिसतात, कारण चित्रपट दोन्ही वाचनांना जागा देतो. रंगवलेलं आभाळ आणि अंगणातले जोडून बनवलेले प्राणी सांगतात की हे खऱ्या जगातलं नाही. पण गॉडविनने आपला विद्यार्थी मॅक्स याला बेलाच्या प्रगतीच्या नोंदी ठेवायला नेमलंय, आणि नोंदवही म्हटली की वयाचा प्रश्न आलाच.

म्हणून ‘संमती होती की नव्हती’ असं विचारू नका. ‘कुठल्या प्रसंगापासून तुम्ही तिला प्रौढ मानलंत, आणि कशावरून?’ असं विचारा. उत्तरात प्रसंगाचं नाव यावंच लागतं. कुणी लिस्बन म्हणेल, कुणी जहाज, कुणी म्हणेल शेवटपर्यंत नाही. वीस माणसांत पाच-सहा वेगळी ठिकाणं निघाली की लोकांनाच दिसतं, आपण एकच चित्रपट पाहिलेला नाही.

दुसरं भांडण: चित्रपट स्वातंत्र्य म्हणजे फक्त लैंगिक मोकळीक असं समीकरण मांडतो का? पुलावरचा सुरुवातीचा प्रसंग रंगीत, नंतर लंडनचं घर बहुतांश कृष्णधवल, आणि लिस्बनपासून रंग उसळतात. रंग आणि शरीरसुख एकदम आल्यामुळे हा आरोप होतो, आणि तो पोकळ नाही. मात्र त्याच लिस्बनमध्ये ती एकटी भटकते, खाऊन खाऊन आजारी पडते, गॅलरीत गिटारवर गाणारी बाई ऐकते आणि पहिल्यांदा तिला कारण न कळणारं दुःख होतं. लोकांना हे आठवत नाही, कारण शरीरसंबंधांचे प्रसंग आठवणीत जास्त जागा व्यापतात.

पुन्हा दाखवायचा तुकडा माझ्या मते जहाजावरचा. बेला वाचू लागते. डंकन तिच्या हातातलं पुस्तक समुद्रात फेकतो. मार्था ही वयस्क सहप्रवासी शांतपणे तिला दुसरं देते. डंकनची तक्रार अशी की तू सारखी वाचतेस आणि तुझं ते गोड बोलणं हरवत चाललंय. तिच्या देहाच्या भुकेची त्याला अडचण नव्हती, ती त्याच्या सोयीचीच होती. अडचण सुरू होते ती तिच्या विचारांपाशी. चित्रपटाचा कणा इथे आहे असं मी ठामपणे म्हणेन, आणि या तुकड्यात नग्नता नसल्याने तो गटात पुन्हा लावताना कुणाला अवघडत नाही.

तिसरं पॅरिसच्या कुंटणखान्याचं आणि चौथं शेवटाचं. त्यावर इतर लिहितीलच.

शाई_आणि_फिल्म

तिसरी_रांग यांच्याशी बराचसा सहमत, पण त्यांनी कॅमेरा बाजूला ठेवला. ‘पुरुषी नजर’ हा शब्द चर्चेत येणारच. तो हवेत राहू नये यासाठी एक जुनी पद्धत वापरा.

लॉरा मल्वी यांनी १९७५ साली ‘स्क्रीन’ या नियतकालिकातल्या निबंधात मांडलं की मुख्य प्रवाहातल्या सिनेमात बघणारा पुरुष असतो आणि बघितली जाणारी बाई. हे तपासायला तीन मिनिटांचा तुकडा घ्या, आवाज बंद करा आणि कागदावर चार रकाने आखा: शॉटचा क्रमांक, चौकटीत चेहरा कुणाचा, शरीर कुणाचं, आणि हा शॉट कुणाच्या डोळ्यांनी दिसतोय. दोघादोघांच्या जोडीला एक कागद पुरतो. तुकडा दोनदा लावावा लागतो. पहिल्या वेळी लोक मोजायचं विसरून बघत बसतात. चौथ्या रकान्यात ‘कुणाच्याच नाही’ असं वारंवार लिहावं लागेल, आणि तेच महत्त्वाचं आहे. छायाचित्रकार रॉबी रायन यांनी ४ मिमीचं अतिरुंद भिंग वापरलंय. त्यातून प्रतिमा गोल दिसते आणि कडा काळ्या पडतात. दाराच्या भोकातून डोकावल्यासारखं वाटतं. त्या घरात तसं डोकावणारं पात्र कुणी नाही, म्हणजे डोकावणारे आपणच. काहींना यात दिग्दर्शकाची टीका दिसते, काहींना तीच जुनी चोरटी नजर नव्या भिंगातून. तक्ता समोर असला की निदान दोघं एकाच चौकटीवर बोट ठेवून भांडतात.

इथे एक गफलत हमखास होते. कुणीतरी म्हणतं, एमा स्टोन स्वतः निर्मात्यांपैकी एक होती, सेटवर जवळिकीच्या दृश्यांसाठी समन्वयक होती, मग आक्षेप कशाला? ही माहिती खरी आहे. एल मॅकअल्पाइन यांनी ते समन्वयाचं काम केलं. पण ते उत्तर ‘अभिनेत्रीला सन्मानाने वागवलं का’ या प्रश्नाचं झालं. ‘पडद्यावरच्या प्रतिमेचा अर्थ काय’ हा प्रश्न तसाच उरतो. चर्चा चालवणाऱ्याने हे दोन प्रश्न फळ्यावर वेगळे लिहून ठेवावेत. तसंच ऑस्करचं. ११ नामांकनं आणि ४ पुरस्कार, आणि २०२३चा व्हेनिसचा सुवर्णसिंह, याने चित्रपटाची कारागिरी सिद्ध होते. तो स्त्रीवादी आहे की नाही याचा निकाल पुरस्कारांनी लागत नाही.

पॅरिसबद्दल. कुंटणखान्यात काम करू लागलेली बेला विचारते की गिऱ्हाइकांनी आम्हाला निवडण्याऐवजी आम्ही गिऱ्हाईक का निवडू नये. तिथली मालकीण मॅडम स्वायनी सांगते की काही पुरुषांना तुम्हाला ते नको असतं, यातच मजा वाटते. हा संवाद थांबवून पुन्हा ऐकवा. बाजारात ‘निवड’ हा शब्द कुठे अडतो ते एवढ्या दोन वाक्यांत आहे. नंतर ती डंकनला सुनावते की आमचं उत्पादनाचं साधन आमच्याच मालकीचं आहे. ज्यांना हे मुक्तीचं वाक्य वाटतं त्यांना विचारा की मग कमाईतला वाटा कोण घेतं. ज्यांना ते पोकळ वाटतं त्यांना विचारा की आधीच्या घरात, जिथे पैसे मिळत नव्हते, तिथे तिच्या शरीराचा मालक कोण होता. दोन्हीकडून ढकललं तरच तो प्रसंग उघडतो.

पॅरिसवरचा वजनदार आक्षेप मात्र वेगळाच आहे: रोग, गरोदरपणाची भीती, पोलीस, सरकार यांना तिथे फारशी जागाच नाही. तो काळ ओझरता सुद्धा माहीत असेल तर हे अंतर जाणवतं. ब्रिटनमध्ये १८६४ पासून संसर्गजन्य रोग कायद्यांखाली छावण्यांच्या आणि बंदरांच्या गावांत पोलीस संशयित बाईची जबरदस्तीने तपासणी करवू शकत. तपासणी फक्त बायकांची, गिऱ्हाइकांची नाही. जोसेफिन बटलर यांच्या दीर्घ लढ्यानंतर १८८६ मध्ये ते कायदे रद्द झाले. फ्रान्समध्ये नोंदणीकृत कुंटणखाने १९४६ पर्यंत चालू होते. चित्रपट या बाजूला फारसा वळत नाही, आणि म्हणून त्याचा कुंटणखाना काहींना प्रयोगशाळेइतका स्वच्छ वाटतो.

अनुवादिनी

कादंबरीचा उल्लेख कुणी केला नाही, तो करायला हवा. मतभेदाचं एक मूळ रूपांतरातच आहे.

अॅलस्डेअर ग्रे यांची कादंबरी १९९२ची. बेलाची गोष्ट तिचा नवरा आर्चिबाल्ड मॅकँडलेस सांगतो. ती संपल्यावर त्याच बाईचं पत्र येतं. ती तेव्हा व्हिक्टोरिया मॅकँडलेस आहे, डॉक्टर आहे, आणि लिहिते की माझ्या नवऱ्याने हे सगळं रचलंय. मेंदू बदलणं वगैरे काही झालंच नाही. म्हणजे ‘निरागस, निर्लज्ज, पुरुषाने घडवलेली बाई’ ही पुरुषाची कल्पना आहे, असा आक्षेप कादंबरी स्वतःच घेते, आणि तो बाईच्या तोंडून. पटकथाकार टोनी मॅकनमारा यांनी ही चौकट काढून टाकली आणि ग्लासगोऐवजी लंडन घेतलं. परिणाम असा झाला की जो आक्षेप पुस्तकात छापलेला होता, तो आता प्रेक्षकांना बाहेरून घ्यावा लागतो. ‘पुरुषी स्वप्नरंजन’ म्हणणारे प्रेक्षक नकळत त्या गाळलेल्या पत्राचंच काम करताहेत!

पण पत्र म्हणजे अंतिम सत्य असंही धरू नका. पुस्तकाचा ‘संपादक’ (ग्रे यांनीच घेतलेलं सोंग) प्रस्तावनेत आणि टिपांमध्ये नवऱ्याची बाजू घेतो. खरं कोण, हे वाचकावर सोडलंय. चित्रपट बेलाला जवळजवळ प्रत्येक प्रसंगात ठेवून ही उणीव वेगळ्या वाटेने भरायचा प्रयत्न करतो. मला तो अपुरा वाटतो. पत्र जे करतं ते आहे नकार देणं, आणि चित्रपटातल्या बेलाला स्वतःच्या गोष्टीला नकार देता येत नाही. चर्चेत उपयोग करायचा असेल तर पत्राचं एखादं पान मोठ्याने वाचा, पण पहिली फेरी संपल्यावर. आधी वाचलंत तर सगळे पुस्तक विरुद्ध चित्रपट या ठरलेल्या वाटेला लागतात.

शेवटाबद्दल. पूर्वायुष्यातला नवरा आल्फी ब्लेसिंग्टन तिला कोंडतो आणि शस्त्रक्रिया करून तिचं क्लिटोरिस काढून टाकायचं ठरवतो. ‘हे अतिरंजित आहे’ असं कुणी म्हटलं तर त्यांना लंडनचे शल्यविशारद आयझॅक बेकर ब्राउन सांगा. उन्माद आणि फेफऱ्यावर उपाय म्हणून ते ही शस्त्रक्रिया करत, आणि १८६७ मध्ये लंडनच्या प्रसूतिशास्त्र संस्थेने त्यांना काढून टाकलं. बायकोला कोंडून ठेवण्याचा नवऱ्याला हक्क नाही, हे इंग्लंडच्या अपील न्यायालयाने जॅक्सन खटल्यात १८९१ साली सांगितलं. रंगीत आभाळाखाली सगळंच कल्पित वाटतं, म्हणून ही दोन सालं हाताशी असावीत.

आणि तिसरी_रांग, रूपककथेचं वाचन मला मान्य नाही असं नाही, पण त्याला एक चाचणी लावा: फेलिसिटी. बेला दूर असताना गॉडविनने तोच प्रयोग दुसऱ्या बाईवर केला. बेला परतल्यावर चिडते, आणि मग? शेवटच्या बागेत फेलिसिटी तिथेच आहे, आणि चित्रपट तिच्याकडे हसण्याची बाब म्हणून बघतो. मेंदूबदल हे मुक्तीचं रूपक असेल तर हिच्या वाट्याला काय आलं? प्रवासात अलेक्झांड्रियाला दिसलेल्या मरणाऱ्या गरिबांनाही नाव नाही, आवाज नाही. बेला त्यांच्यासाठी डंकनचे पैसे खलाशांच्या हाती देते आणि कथा पुढे जाते. स्वायत्तता एकीचीच का, हा प्रश्न या चित्रपटाला विचारायलाच हवा.

तिसरी_रांग

फेलिसिटीचा मुद्दा मान्य, आणि त्याने माझं वाचन खरोखर अडतं. त्यालाच जोडून बोकडाचा मेंदू. शेवटी आल्फीवर त्याच्या संमतीशिवाय तीच मेंदूबदलाची शस्त्रक्रिया होते, त्याला बोकडाचा मेंदू बसवतात आणि प्रेक्षागृहात बहुधा हशा पिकतो. माझ्या मते तो विजय म्हणून दाखवलाय, आणि तिथेच चित्रपट स्वतःच्या तत्त्वाला सोडतो. हा प्रश्न चर्चेच्या शेवटी ठेवा. आधी काढलात तर सगळा वेळ सूड योग्य की अयोग्य यातच जातो.

प्रोजेक्शन_रूम

व्यवस्थेचं सांगतो, कारण त्यात चुकलं तर वरचं सगळं वाया.

परवानगी: घरगुती स्ट्रीमिंगच्या वर्गणीत गटाला दाखवण्याचा हक्क येत नाही. हक्कधारकाकडून किंवा वितरकाकडून सार्वजनिक प्रदर्शनाची लेखी परवानगी घ्या आणि तिला वेळ लागतो हे धरून चाला.

आवृत्ती: ब्रिटनमध्ये एका प्रसंगात (बाप आपल्या दोन मुलांना कुंटणखान्यात घेऊन येतो तो) १९७८च्या बालसंरक्षण कायद्यामुळे बदल करून मग १८ वर्षांवरील प्रमाणपत्र मिळालं. त्यामुळे वेगवेगळ्या ठिकाणी पाहिलेल्या दोन माणसांनी तो प्रसंग वेगवेगळा पाहिलेला असू शकतो. ‘असं काही नव्हतंच’ अशी वादावादी सुरू झाली तर आधी हे सांगा.

चौकट: चित्रपट १.६६:१ आहे. प्रोजेक्टर १६:९ वर असेल तर दोन्ही बाजूंना बारीक काळ्या पट्ट्या दिसायला हव्यात. पट्ट्या घालवण्यासाठी ‘झूम’ किंवा ‘फिल’ लावू नका. वरखालचा भाग कापला जातो आणि शाई_आणि_फिल्म म्हणतात त्या गोल प्रतिमेच्या कडाच जातात, मग तो मुद्दा पटवणार कसा? खोली पूर्ण अंधारी हवी. कृष्णधवल भागात उजेड शिरला की काळा रंग राखाडी होतो आणि पुढे रंग आल्याचा परिणाम बोथट होतो.

वेळ: चित्रपट १४१ मिनिटं. नंतर १० मिनिटांची सुट्टी, पण सुट्टीआधी प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी द्या: ‘सर्वांत अस्वस्थ करणारा प्रसंग’ आणि ‘पुन्हा बघावासा वाटणारा प्रसंग’. नाव लिहायचं नाही. हे सुट्टीनंतर केलं तर उपयोग नाही. चहाच्या रांगेत पहिल्या ठाम माणसाचं मत सगळ्यांच्या तोंडी बसलेलं असतं. ‘आवडला का’ हे कुठेही विचारू नका, त्याने माणूस लगेच एका बाजूला जाऊन उभा राहतो.

निमंत्रणातच लिहा: आत्महत्या, शरीरसंबंधांची अनेक उघड दृश्यं, शवविच्छेदन, प्राण्यांवरचे प्रयोग, अंगच्छेदाची धमकी. मधूनच उठून जायची मुभा आहे आणि कारण विचारलं जाणार नाही, हेही लिहा. उठून जाणाऱ्यांना चर्चेला परत यायला सांगा. त्यांचं मत ऐकण्यासारखं असतं.

मध्यंतर

सगळ्यांचे आभार, बरंच सुटं झालं. दोनच गोष्टी राहिल्या. तासाभरात दोन तुकड्यांपेक्षा जास्त बसणार नाहीत, तर कुठले दोन? आणि कुणी ‘तुम्ही बाई आहात, तुम्हाला काय वाटलं ते सांगा’ असं एखादीला थेट विचारलं तर चालवणाऱ्याने काय करावं?

शाई_आणि_फिल्म

पुस्तक समुद्रात जातं तो, आणि मॅडम स्वायनीचा निवडीबद्दलचा संवाद. दोन्ही छोटे आहेत. पहिल्यात ती एका पुरुषाच्या हातून सुटते, दुसऱ्यात बाजारात अडकते. तक्ता भरून घ्यायचा असेल तर तो जहाजावरच्या तुकड्याचा घ्या. गोल भिंगाचा मुद्दा मग लंडनच्या घरातली एखादी स्थिर चौकट दाखवून मांडता येईल. २५ मिनिटं पहिल्या तुकड्याला, २० दुसऱ्याला, उरलेली बोकडाला आणि फेलिसिटीला.

अनुवादिनी

दुसऱ्या प्रश्नाचं: लगेच थांबवा, आणि प्रश्न विचारणाऱ्याकडेच परत द्या: ‘कुठल्या प्रसंगाबद्दल विचारताय?’ प्रसंग सांगितला की प्रश्न सगळ्यांसाठी खुला करा, त्या एकीसाठी नाही. कुणालाही स्वतःच्या आयुष्यातलं सांगायला भाग पाडायचं नाही, आणि कुणी आपणहून सांगितलं तर त्यावर मतप्रदर्शन करायचं नाही, हे दोन नियम सुरुवातीलाच वाचून दाखवा. बोलायला प्रत्येकी दोन मिनिटं, आणि सगळ्यांचं एकदा झाल्याशिवाय कुणाची दुसरी पाळी नाही. चिठ्ठ्या चालवणाऱ्यानेच वाचाव्यात आणि सुरुवात ‘अस्वस्थ’वाल्या चिठ्ठ्यांपासून करावी. नापसंती आधी ऐकली गेली की ती धरून बसावी लागत नाही, आणि ज्यांना आवडलाय ते जास्त नेमकं बोलतात.

प्रोजेक्शन_रूम

तुकड्यांच्या वेळा आधी घड्याळ लावून लिहून ठेवा, अंधारात शोधत बसू नका. मागेपुढे करताना चुकून भलतंच दृश्य थांबलेल्या अवस्थेत पडद्यावर राहतं आणि गटाचा सूर बिघडतो. शक्य असेल तर शोधताना प्रोजेक्टरवर पडदा काळा करायचं बटण वापरा.

मध्यंतर

वेळा लिहायला आजच बसते. पत्राचं पानही शोधून ठेवते.